‘वाचला असे समजावे’: कृष्णविवराचे झोत घेऊन पाचोरा ते देवपूर

खानदेशात बघण्यासारखं काय आहे, असं मला पुण्याचे लोक विचारतात तेव्हा मी पाटणादेवी, उनपदेव वगैरे सांगतच नाही. मी सांगते, पाचोऱ्याहून जळगाव, जळगावहून धुळं आणि चाळीसगावमार्गे परत, असा तीन दिवसांचा फेरा मारून या. मी तो नव्वदच्या दशकाच्या मध्यावर एका जानेवारीत मारला होता. मांडीवर लोखंडी पेटी होती आणि डोक्यात राग.

राग कशाचा ते आधी सांगते, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. मी तेव्हा बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते, विषय फिजिक्स. देवपूरला म्हणजे धुळ्याच्या पांझरेपलीकडच्या भागात कॉलेजच्या मुलामुलींसाठी पेपरवाचनाचा कार्यक्रम होता. आमच्या विभागप्रमुख सरांनी माझा विषय बघितला आणि चष्मा काढून ठेवला. विषय होता, ‘कृष्णविवर असलेल्या ताऱ्यांच्या जोड्यांतून निघणारे झोत हे वैश्विक किरणांचा उगम असू शकतील का?’ सर म्हणाले, “सौर चूल घे. सोपी आहे, बक्षीस मिळतं. हे तुला तिथे कोणी वाचूही देणार नाही.”

मी म्हटलं, “मी वाचूनच येईन सर.”

बक्षिसाचं मला काही पडलं नव्हतं. पण आठ मिनिटांचा तो पेपर मी पाचोऱ्याच्या बाहेर, चार अनोळखी माणसांपुढे, स्वतःच्या तोंडाने वाचणार हे मी त्या टेबलापुढे उभ्या उभ्या ठरवून टाकलं. सर हसले. त्या हसण्यावर मी तीन दिवस चालले.

सोबतीला मधूमामा होता. आईचा धाकटा भाऊ, स्टेशन रोडवर रेडिओ दुरुस्तीचं दुकान. मॅट्रिकनंतर शिकला नाही, पण सर्किट हातात दिलं की त्याचे डोळे बदलायचे. वैश्विक किरणं, म्हणजे अवकाशातून येणारे कण, नुसती सांगायची नाहीत, ऐकवायची, ही कल्पना त्याचीच. त्यासाठी कण आत शिरला की विजेचा ठोका देणाऱ्या दोन गायगर नळ्या एकाखाली एक ठेवायच्या आणि दोन्हींतून एकाच क्षणी काही गेलं तरच टिक वाजेल असं सर्किट करायचं. जमिनीतला किंवा भिंतीतला एखादा भुरटा कण एक नळी वाजवेल, दोन्ही सहसा वाजवणार नाही. दोन्हींतून आरपार जाणारा बहुतेक वरूनच आलेला असतो. मामाने हे एका जुन्या व्हॉल्व्ह रेडिओच्या ट्रान्सफॉर्मरवर उभं केलं आणि पेटी म्हणून दुकानातली हत्यारांची ट्रंक रिकामी केली.

एक नळी आमच्या कॉलेजातून मिळाली होती. दुसरी जळगावच्या एका कॉलेजातून सही करून आणायची होती. पाचोऱ्याहून धुळ्याला खरं तर भडगाव-चाळीसगावमार्गे जाणं जवळचं. आम्ही लांबचा रस्ता धरला तो त्या नळीपायी.

पहिला दिवस जळगावचा. सकाळच्या पॅसेंजरने निघालो. जानेवारीतली थंडी खानदेशात येते ती काही लाजतबुजत येत नाही, खिडकीच्या फटीतून थेट कानात शिरते. बाहेर केळीच्या बागा, कपाशीच्या वाळलेल्या काड्या, मध्येच हरभरा. जळगावला प्रयोगशाळेतल्या सहायकांनी नळी दिली, पण आधी तीन कागदांवर सह्या घेतल्या आणि विचारलं, “फुटली तर?” मामा म्हणाला, “फुटनार नही, मन्ही बंडीमा गुंडायी ठेवसू.” आणि खरोखरच त्याने अंगातली लोकरी बंडी काढून नळी तिच्यात गुंडाळली. तो पुढचे दोन दिवस एका शर्टावर कुडकुडत होता.

दुपारी भरीत-पुरी खाल्ली. जळगावला हिवाळ्यात जात असाल तर दुसरं काही मागवू नका. हिरवट पांढरी मोठी वांगी काड्यांवर भाजतात, लाकडी बडगीत ठेचतात, वर हिरवी मिरची आणि कांद्याची पात. बाहेरच्या माणसाला पहिल्या घासाला ठसका लागतो, त्याने घाबरून पाणी पिऊ नये, कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी खावी. मुक्काम आत्याकडे केला. रात्रीचं काही सांगण्यासारखं नाही, थकून झोपलो.

दुसऱ्या दिवशी जळगाव-धुळे एस.टी. एरंडोल, पारोळा, मग धुळं. आता हा महामार्ग रुंद झालाय. तेव्हा समोरून ट्रक आला की आमचा ड्रायव्हर आधी शिवी द्यायचा आणि मग गाडी डांबरावरून खाली उतरवायचा. कंडक्टरने ट्रंकेवर पंच टकटकवून विचारलं, “काय शे वं ताई हाई पेटीमा?”

मी उत्तर द्यायच्या आत मामा म्हणाला, “मशीन शे. आभायमाईन जे पडस ते मोजस.”

“पाऊस?”

“नही.”

“ते बरं शे. जानेवारीमा कसाना पाऊस?” असं म्हणून त्याने सामानाचं तिकीट फाडलंच.

शेजारच्या बाकावरच्या एका काकांनी मला गाव विचारलं, शिक्षण विचारलं, आणि मग नेहमीप्रमाणे गाडी आडनावावर आली. मी म्हटलं, “पाचोरा.” ते म्हणाले, “ते गाव झालं.” मी म्हटलं, “हो, तेच सांगतेय.” मामाने खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली. पारोळ्याच्या स्टँडवर बस थांबली तेव्हा काकांनी मला शेंगा देऊ केल्या आणि मी घेतल्या, भूक लागली होती.

धुळ्यात उतरून रिक्षाने पूल ओलांडला आणि देवपूर गाठलं. पांझरेत पाणी नावापुरतं होतं. मुक्काम नानांकडे होता. नाना म्हणजे शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांचा रेडिओ मामा दर दोन वर्षांनी पाचोऱ्याला नेऊन दुरुस्त करायचा, एवढ्यावर जमलेली ओळख. दारातच “जयभीम” झालं, चहा झाला आणि नानांनी माझा पेपर मागून घेतला. पुरा वाचला. मग म्हणाले, “उद्या तुला एक प्रश्न विचारीन. आत्ता नाही, सगळ्यांसमोर. तयारी ठेव.” जेवायला शेवभाजी होती, तिखटजाळ. मला प्रश्नाच्या काळजीने चव लागली नाही, त्याचं आजही वाईट वाटतं.

तिसरा दिवस, शनिवार. कार्यक्रम दहाला होता. मराठी माणसाला कार्यक्रमाचं दहा म्हणजे किती ते सांगायला नको. पाहुणे पावणेबाराला आले. दीपप्रज्वलन झालं, पंख्याने समई विझली, पुन्हा प्रज्वलन झालं. मग सत्कार. पाहुण्यांचा, पाहुण्यांबरोबर आलेल्यांचा, पाहुण्यांची ओळख करून देणाऱ्यांचा, आणि शेवटी ज्यांनी हारांची व्यवस्था पाहिली त्यांचाही, त्यांनीच आणलेल्या हाराने. मी नारळ मोजायचा नाद सोडून दिला. पाहुणे विज्ञान आणि समाज या विषयावर तासभर बोलले. त्यात समाज बराच होता. दीड वाजता पहिला पेपर सुरू झाला. तेरा पेपर होते, माझा नववा. दोन पेपर झाले, मागच्या अंगणातून वरण-बट्टीचा वास यायला लागला, आणि संयोजक माईकवर आले.

“वेळेअभावी उर्वरित पेपर वाचले गेले असे समजण्यात येत आहे. प्रमाणपत्रे टेबलावर ठेवली आहेत. भोजनाची व्यवस्था मागच्या बाजूला आहे.”

आणि लोक उठले! कोणाला काही वाटलं नाही. हीच रीत होती. ठराव वाचले असे समजतात, इतिवृत्त वाचले असे समजतात, मग पेपर का नाही? उरलेली दहा मुलंमुली रांग लावून टेबलापाशी गेली. प्रमाणपत्रावर सह्या आधीच झालेल्या होत्या, शिक्का मारलेला होता, नावाची जागा कोरी होती. आपलं नाव आपण टाकायचं. वर छापलेलं होतं, ‘यांनी पेपर वाचला.’

एका संयोजकांनी मला पेन दिलं. “घ्या ताई, लिहा नाव.”

“मी पेपर वाचलेला नाही.”

“वाचला असं समजलंय ना.”

“तुम्ही समजलात. मी वाचलेला नाही.”

ते चिडले नाहीत. मला वाटतं त्यांना खरंच कळलं नाही मी कशासाठी अडून बसलेय. “ताई, पदरात पडतंय ते घ्या. बट्टी गार होईल.”

मामा जवळ आला, हळूच म्हणाला, “चाल सुजा, पहिले जेवी लेऊत. मंग दखू.”

त्याक्षणी मला रडू येत होतं हे कबूल करते. डोळ्यांपुढे आमचे सर चष्मा काढून हसत होते. जेवायला गेले असते तर परत येऊन वाचायला तिथे खुर्च्याही राहिल्या नसत्या. त्यापेक्षा वाईट म्हणजे माझ्या हातात तो कागद असता, मी घरी दाखवला असता, सगळ्यांनी वाहवा केली असती आणि मीही हळूहळू मानलं असतं की वाचला. नको. मी मामाला म्हटलं, “पेटी उघड.”

 मामाने बंडीतून नळी सोडवली, पेटीत बसवली आणि बटण दाबलं.

सभागृहात कोण होतं सांगू? नाना पहिल्या रांगेत बसलेले, ते उठलेच नव्हते. दाराशी वॉचमन. मांडववाल्याची चार माणसं खुर्च्या घडी करत होती, आणि त्यांच्यातल्या वेणूअक्का, पन्नाशीच्या, कमरेला पदर खोचलेल्या, एका वेळी सहा खुर्च्या उचलणाऱ्या. त्या थांबल्या.

“हाई टिक टिक काय वाजी ऱ्हायनं वं पोरी?”

“अक्का, तेच वाचून दाखवायचंय. आठ मिनिटं. खुर्च्या जरा थांबवाल?”

“वाच तू. खुर्च्या काय पळी जातीन का?” असं म्हणून त्यांनी हातातली एक खुर्ची उघडली आणि तिच्यावर बसल्या. बाकीचे तिघंही बसले. वॉचमन दारातूनच ऐकायला लागला.

मी वाचला. माईक नव्हता, तो गुंडाळून नेला होता. मी सांगितलं की आकाशातून रात्रंदिवस कण येतात, हवेत फार वर आदळतात आणि त्यांचे तुकडे आपल्यापर्यंत पोहोचतात, ही टिक त्या तुकड्यांची. ते मुळात येतात कुठून हे कोणाला नीट माहीत नाही. मग जोडीची गोष्ट सांगितली. एक तारा, आपल्या सूर्यासारखा किंवा थोरला, आणि त्याच्याभोवती फिरणारं कृष्णविवर. ते ताऱ्याचा वायू ओढून घेतं, तो वायू गरगरत तापत आत पडतो. पण सगळा पडत नाही. इथे मी कागद सोडला आणि म्हटलं, पिठाच्या गिरणीत दाणा टाकला की सगळं पीठ डब्यात येत नाही, काही उडतं आणि गिरणीवाल्याच्या भुवया पांढऱ्या होतात, तसं. विवराच्या आत जे गेलं ते गेलं. उडतं ते बाहेरच्या बाहेर. दोन बाजूंनी दोन झोत निघतात, प्रकाशाच्या वेगाच्या अगदी जवळ पोहोचणारे. गरुड तारकासमूहाच्या बाजूला अशी जोडी नुकतीच सापडली होती, तिच्या झोतातले गोळे प्रकाशापेक्षाही वेगाने पळतायत असं दिसायचं. तो दिसण्याचा भास, पण वेग जबरदस्त खराच. असा झोत आजूबाजूच्या वायूवर आदळत असेल तर तिथे कणांना प्रचंड ऊर्जा मिळू शकेल, आणि आपल्याकडे येणारे काही कण तिथलेच असू शकतील.

टिक. मध्ये बराच वेळ शांतता. टिक, टिक.

“म्हणजे आते बी मना आंगमाईन जाई ऱ्हायनात?” वेणूअक्कांनी विचारलं.

“हो अक्का.”

त्यांनी हाताकडे उलटसुलट पाहिलं. “दुखस ते नही.” मग जरा विचार करून म्हणाल्या, “आनि जेवाले गयात त्यासना बी?”

“त्यांच्याही.”

“तेस्ले ते ठाऊकच नही,” असं म्हणून त्या इतक्या मनापासून हसल्या की वॉचमनही आत येऊन बसला.

मग नाना उभे राहिले. निवृत्त मास्तर, पण प्रश्न विचारायला उभेच राहिले. “तू म्हणतेस हे कण विद्युतभारित. वाटेत चुंबकीय क्षेत्रं. म्हणजे ते वाकडेतिकडे वळत येणार. आपल्याकडे पोहोचतील तेव्हा त्यांची दिशा मूळची राहणार नाही. मग ते त्या झोतातूनच आले हे तू कशावरून सांगतेस?”

हाच तो प्रश्न. मी रात्रभर तीन उत्तरं तयार केली होती, तिन्ही गोल गोल. ती तशीच ठेवली.

“सांगू शकत नाही,” मी म्हटलं. “दहा गल्ल्या फिरून दारात आलेला माणूस कोणत्या बाजूने आत शिरला त्यावरून त्याचं गाव सांगता येत नाही. ऐंशीच्या दशकात हंस तारकासमूहातल्या एका जोडीबद्दल लोकांनी असंच छातीठोक सांगितलं होतं, ते पुढे टिकलं नाही. गॅमा किरणं वळत नाहीत, सरळ येतात. ती या झोतांकडून येताना नीट पकडता आली तर पुरावा मिळेल. तोवर मी ‘असू शकतील का’ एवढंच विचारलंय नाना. उत्तर मला माहीत नाही.”

नाना खाली बसले. “बरोबर,” म्हणाले. नानांच्या तोंडून एवढंच निघालं, पण मला तेवढं पुरलं.

मग मी टेबलापाशी गेले, पेन घेतलं आणि स्वतःचं नाव लिहिलं. कोरी प्रमाणपत्रं पुष्कळ उरली होती. मी एक मामाच्या नावाने लिहायला घेतलं तर त्याने हात धरला. “मी कोठे वाचा पेपर? मी ते ऐका.” आता माझंच शस्त्र माझ्यावर. मी ‘वाचला’ खोडून ‘ऐकला’ लिहिलं, तेव्हा त्याने ते घेतलं. पुढे वीस वर्षं ते दुकानात लायसन्सशेजारी फ्रेममध्ये होतं. गिऱ्हाइकांना तो ते समजावून सांगायचा, रेडिओ बाजूला ठेवून.

बट्टी गार झालीच होती. वेणूअक्कांनी आचाऱ्याकडून आम्हाला वाढून आणली आणि वर तुपाची धार मागून घेतली. गार बट्टी गरम वरणात कुस्करून खायला काही वाईट लागत नाही.

परतीला धुळे-चाळीसगाव पॅसेंजर धरली. ही छोटी लाइन जरूर करा, गर्दी असली तरी खिडकी मिळते आणि वाटेत शिरूडच्या आसपास सूर्य मावळताना शेतं तांबडी होतात. चाळीसगावला गाडी बदलली, पाचोऱ्याला उतरलो. मामाने नळी बंडीतच ठेवली होती. जळगावला ती परत करायला तो एकटा गेला, माझी परीक्षा जवळ आली होती.

या सगळ्यातून राहिलं काय? पेपरातल्या प्रश्नाचं म्हणाल तर तो बराच पुढे सरकलाय. गेल्या काही वर्षांत अशा जोड्यांच्या झोतांकडून फार मोठ्या ऊर्जेची गॅमा किरणं पकडली गेली आहेत. तिथे कणांना प्रचंड वेग मिळतो हे आता बरंचसं पटलंय. आपल्यावर पडणाऱ्या किरणांत त्यांचा वाटा किती, यावर मात्र जाणकार अजून भांडतायत. मी पुढे शिकले, शिकवलं, मोठ्या सभागृहांत माईकवर बोलले. तिथल्या सगळ्या प्रश्नांपैकी वेणूअक्कांचा प्रश्न मला सगळ्यात आवडता आहे.

पण मला खरी हवी होती ती सोमवारची सकाळ. कॉलेजात पोहोचले तर फळ्यावर खडूने अभिनंदन लिहिलेलं होतं, माझ्या नावासह, ‘पेपर यशस्वीरीत्या सादर’. सरांच्या अक्षरात. मी अजून कोणाला काही सांगितलंच नव्हतं. शिपाई म्हणाला, हे शनिवारी दुपारीच लिहून झालंय. म्हणजे तिकडे मी ट्रंक उघडत होते तेव्हा इकडच्या फळ्यावर माझा पेपर होऊनही गेला होता.

मी स्टाफरूममध्ये गेले. “सर, वाचला मी.”

“हो हो, अभिनंदन. फळा पाहिलास ना?”

“पाहिला. तुम्ही ऐकला नाहीत अजून. आठ मिनिटं लागतात.”

“कशाला आता, झालं की ते.”

मी कागद उघडला आणि सुरू केलं. शेजारच्या टेबलावरच्या मॅडमनी वह्या तपासणं थांबवलं. सरांनी दोनदा घड्याळ पाहिलं, एकदा पाणी प्यायले, पण उठून गेले नाहीत, एवढं श्रेय त्यांना देते. मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं.

“छान,” सर म्हणाले. “पण सुजाता, इतक्या लांबच्या गोष्टीशी आपला काय संबंध?”

“सर, मी वाचत होते तेवढ्या वेळात दोनेक हजार कण तुमच्या डोक्यातून आरपार गेले.”

सरांचा हात डोक्याकडे गेला. अर्ध्या वाटेत त्यांना ते जाणवलं आणि त्यांनी तो खाली घेतला. मी कागदाची घडी घातली आणि तासाला गेले.